अकरा एकरांतील लाकूड: औसा तालुक्यातील वृक्षशेतीच्या प्रकल्प नोंदी

23 डिसेंबर 2022 (वेळ अमावस्या)

कोपीतील (शेतात कडब्याने उभारलेल्या खोपीतील) पांडवांची पूजा आणि आंबील-भज्जीचे जेवण आटोपल्यावर चारही घरांची बैठक शेतातच झाली. सामाईक अकरा एकरांपैकी काही जमीन लाकडासाठी लावावी, खर्च चार वाट्यांनी उचलावा आणि हिशेब व नोंदी मी ठेवाव्यात, असे ठरले. पुण्यातील चुलत भावांना दरवर्षी सोयाबीनच्या पेरणीसाठी पैसे पाठवून भावाची वाट पाहण्याचा कंटाळा आला आहे, तर थोरल्या काकांना मजूर मिळत नसल्याची चिंता आहे. दोन्ही कारणे खरी आहेत, पण केवळ कंटाळा किंवा चिंता यांवर आठ-दहा वर्षांची गुंतवणूक उभी राहत नाही, हे मी बैठकीत स्पष्ट बोललो.

लाकडाच्या मागणीबद्दल मला शंका नाही. जगात दरवर्षी सुमारे 4 अब्ज घनमीटर गोल लाकूड तोडले जाते आणि त्यातील जवळपास निम्मे जळणात जाते. आपल्याकडे 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून घेण्यास सांगितले, 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कार्य आयोजनेशिवाय (मंजूर तोड-आराखड्याशिवाय) होणारी वनांतील तोड थांबली आणि 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केल्यावर प्लायवूडच्या वरच्या थरासाठी लागणारा गर्जन तिकडून येईनासा झाला. आजही न्यूझीलंडचा पाईन कांडला बंदरात उतरतो आणि देशभर जातो. आपल्या लातूर जिल्ह्यात तर वनाखालचे क्षेत्र एक टक्काही नाही. येथे दाराची चौकट होते ती बाहेरून आलेल्या लाकडाची किंवा धुऱ्यावरच्या बाभळी-लिंबाची.

थोरल्या काकांनी मात्र एक जुनी गोष्ट काढली. नव्वदच्या दशकात माझ्या वडिलांनी एका कंपनीच्या सागवान योजनेत पैसे गुंतवले होते. वीस वर्षांत हजाराचे लाख होतील असे छापील पत्रक आमच्या घरी कित्येक वर्षे होते. ना झाडे कोणी पाहिली, ना पैसे परत आले. अशा असंख्य योजना बुडाल्यावर 1999 मध्ये सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले, पण तोवर आमच्यासारख्या घरांचे नुकसान होऊन गेले होते. म्हणून या प्रकल्पाचा पहिला नियम आजच लिहून ठेवतो: जे झाड लावू ते कोण घेणार, कोणत्या मापाने घेणार आणि ते तोडून नेण्यास कोणता कागद लागणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय खड्डा काढायचा नाही.

8 जानेवारी 2023

शेताच्या तीन ठिकाणी चार-चार फूट खोल चाचणी खड्डे काढले. वरच्या चार एकरांत दीड फूट माती आणि खाली टिकावाने फुटणारा मुरूम लागला. मधल्या पाच एकरांत साडेतीन फूट काळी माती आहे. ओढ्याजवळच्या दोन एकरांतील खड्ड्यात तळापर्यंत काळीच माती लागली, तीही अशी चिकट की कुदळीला लागलेला गोळा हाताने सोडवावा लागला. तीन फुटांखाली तिचा रंग करडा होऊ लागला होता आणि तीत चुनखडीचे पांढरे खडे दिसत होते.

तिन्ही खड्ड्यांत कडेपर्यंत पाणी भरले. मुरमाडातील पाणी दोन तासांत मुरले, मधल्या खड्ड्यातील संध्याकाळपर्यंत उतरले आणि ओढ्याजवळच्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही घोटाभर पाणी तसेच होते. सालगड्याने पाहून एवढेच म्हटले, "दादा, हे चिबड हाय, इथं पावसाळ्यात तूरबी पिवळी पडती." चिबड म्हणजे पाणी साचून राहणारे रान. हे वाक्य मी वहीत लिहून घेतले; पुढे त्याला पुरेसे महत्त्व दिले नाही, याची नोंद योग्य ठिकाणी येईल.

19 फेब्रुवारी 2023

आज पूर्ण दिवस हिशेबात गेला. त्यातून जे हाती आले ते चारही घरांना पाठवले आहे, कारण वृक्षशेतीच्या जाहिरातीत जो आकडा नसतो तोच येथे सर्वांत मोठा निघाला.

एक एकर मिलिया डुबिया, म्हणजे ज्याला आपल्याकडे लिंबारा म्हणतात ते झाड, बारा बाय बारा फुटांवर लावले तर 302 रोपे बसतात. खड्डे, रोपे, शेणखत, ठिबक आणि कुंपणाचा वाटा मिळून पहिल्या वर्षी 40,000 रुपये आणि पुढे दरवर्षी 8,000 रुपये खर्च धरला. आठ वर्षांनी तोड धरली आणि पैशावर 10 टक्के चक्रवाढ लावली, कारण हे पैसे बँकेत ठेवले असते किंवा पीककर्ज फेडायला वापरले असते तर काहीतरी मिळालेच असते. पहिले 40,000 आठ वर्षांनी सुमारे 85,700 होतात आणि दरवर्षीचे 8,000 मिळून 91,500 होतात. येथवरचा हिशेब कोणीही मांडतो. पण जमीन ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठराविक रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिली असती तर जे पैसे आले असते ते आपण सोडतो, म्हणजे तो खर्चच आहे. मधल्या काळ्या रानाचा ठोका एकरी 15,000 धरला तर आठ वर्षांत व्याजासह 1,71,500 होतात आणि एकूण खर्च 3,48,700 पर्यंत जातो. पाचांतले एक झाड जाईल असे धरून 242 झाडे उरली, प्रत्येकी 200 किलो लाकूड मिळाले आणि तोडणी-वाहतूक वजा जाता शेतावर टनाला 5,000 रुपये पडले, तर 48.4 टनांचे 2,42,000 रुपये येतात. म्हणजे चांगल्या काळ्या रानात लाकूड लावणे हा सरळ तोटा आहे, मग मागणी कितीही वाढो.

मुरमाड रानाचा ठोका 5,000 धरला तर तोच खर्च 2,34,400 वर येतो आणि हिशेब जेमतेम वर निघतो. हे सर्व आकडे आमच्या गृहीतकांचे आहेत. मुरमाडात झाड 200 किलो भरेल का, हे जमीन आणि पाणीच सांगेल. पहिली दोन वर्षे ओळींमध्ये सोयाबीन आणि तूर घेतल्यास थोडा आधार मिळेल. एवढ्या बारीक फरकावर पैसे घालावेत का, असा प्रश्न मेहुण्यांनी दूरध्वनीवर विचारला. माझे उत्तर असे की मजुरी कमी लागणारे आणि पाऊस हुकला तरी एका हंगामात संपूर्ण न बुडणारे दुसरे पीक त्या रानासाठी माझ्या पाहण्यात नाही.

2 एप्रिल 2023

जाती आणि कागदपत्रे आज पक्की झाली. महाराष्ट्रातील 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा ही झाडे येतात, त्यामुळे स्वतःच्या शेतातील असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मिलिया त्या यादीत नाही. बांबूला 2017 च्या दुरुस्तीने वनाबाहेरील जमिनीपुरते भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळले आहे. साग लावायचा तर ई-पीक पाहणीत आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद पहिल्याच वर्षापासून हवी, कारण वीस-पंचवीस वर्षांनी तोडीचा अर्ज करताना हीच नोंद कामाला येते. म्हणून साग फक्त मधल्या रानाच्या धुऱ्यावर, 60 रोपे, आणि तोही पुढच्या पिढीसाठी.

ओढ्याच्या काठावर एक एकर बांबू घेऊ: अर्धा मानवेल, अर्धा बालकोवा. आपल्याच तालुक्यातील लोदग्यात पाशा पटेल यांनी बांबूचे काम उभे केले आहे. तेथे दोनदा जाऊन लागवड पाहिली आणि पाच बाय चार मीटर अंतर तेथूनच मनात बसले. वरच्या धुऱ्यांवर रामकाठी बाभूळ लावायची आहे. तिचा पसारा सरळ वर जाणारा असल्याने शेजारच्या पिकावर सावली कमी पडते आणि वखर-तिफणीपासून गाडीच्या चाकापर्यंत तिचे लाकूड मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. बी शेळ्यांच्या गोठ्यातील लेंड्यांतून वेचून घेतले, कारण शेळीच्या पोटातून आलेले बी लवकर उगवते.

निलगिरीबद्दल मामांचा आग्रह होता. तिची वाढ आणि कागद गिरण्यांची मागणी दोन्ही खरी आहेत, परंतु आमच्या एकाच विहिरीवर दोन घरांचे पिण्याचे पाणी आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो उन्हाळा आम्ही पाहिला आहे. वाढ वेगवान असेल तर पाणीही त्या प्रमाणात लागते, म्हणून हा विषय बंद केला.

गेल्या आठवड्यात एक प्रतिनिधी महोगनीचा करार घेऊन आला होता. रोपाचा दर नेहमीच्या रोपवाटिकेच्या अनेक पट आणि बारा वर्षांनी कंपनीच खरेदी करणार असे त्याचे सांगणे होते. करार मी पूर्ण वाचला. खरेदीच्या कलमात भाव "त्या वेळच्या बाजारभावाने" आणि प्रत "कंपनीच्या प्रतवारीनुसार" असे लिहिले होते, म्हणजे भाव आणि प्रत दोन्ही खरेदीदाराच्याच हाती. वडिलांच्या त्या पत्रकाची आठवण झाली आणि सही केली नाही.

11 जुलै 2023

मृग कोरडा गेला आणि आर्द्राही निम्मी संपेपर्यंत पाऊस आला नाही. आता वाफसा मिळाल्यावर तीन दिवसांत लागवड संपवली: मुरमाड तीन एकरांत 906 मिलिया, ओढ्याकाठी 202 बांबू, धुऱ्यांवर साग आणि बाभूळ. दीड फुटाचे चौकोनी खड्डे मेमध्येच काढून तापू दिले होते.

येथे एक निर्णय झाला जो ठरलेल्या आराखड्यात नव्हता. रोपवाटिकेतून दीडशे रोपे जास्तीची आली. ती परत न पाठवता ओढ्याजवळच्या काळ्या रानातील अर्ध्या एकराच्या पट्ट्यात लावावीत, असे मीच सुचवले. जमीन खोल आहे, ओलावा टिकतो, झाड जोमाने वाढेल, हा माझा तर्क होता. सालगड्याने पुन्हा मान हलवली. 151 रोपे तेथे लागली.

29 ऑगस्ट 2023

महिनाभर पाऊस नाही. ओळींमधले सोयाबीन दुपारी माना टाकते. विहिरीचे पाणी पाहून ठिबक एक दिवसाआड दीड तास चालवले; सोयाबीनला पाणी न देता झाडांना दिले, हे लिहिताना हात जड होतो, परंतु एक हंगाम आणि आठ वर्षे यांत निवड करायची होती. मुरमाडात 74 रोपे गेली. खालच्या काळ्या पट्ट्यात फक्त 4 गेली. माती भेगाळली असली तरी खालची ओल तेथे अजून टिकून आहे.

11 जानेवारी 2024 (वेळ अमावस्या)

मुरमाडात गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून तुटी भरून काढल्या. रोह्यांच्या (नीलगायींच्या) कळपाने डिसेंबरात वरच्या बाजूची 31 झाडे अंग घासून आणि शेंडे खाऊन मोडली, त्यामुळे सौर झटका मशीन बसवले. हा 18,000 रुपयांचा खर्च मूळ हिशेबात नव्हता आणि तो चार वाट्यांत वाटून लिहिला आहे.

8 डिसेंबर 2024

सतरा महिन्यांची झाडे आज मोजली. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, टेप गुंडाळून घेर घेतला. चुकू नये म्हणून 1.37 मीटरची काठी करून तिच्या टोकाला गेरू लावला, काठी खोडाला टेकवली की खूण उमटते आणि त्या खुणेवरच टेप बसतो. प्रत्येक दहावे झाड मोजले. मुरमाडात सरासरी घेर 22 सेंटिमीटर आणि खालच्या पट्ट्यात 26 सेंटिमीटर आला. पुण्याच्या भावाने विचारले की मग मुरमाडाचा एवढा आग्रह का धरला. माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते आणि मनात पुढच्या वर्षी खालीच आणखी एक एकर वाढवण्याचा विचार आला, हे प्रामाणिकपणे लिहितो.

या आठवड्यात सुमारे दोनशे किलोमीटरवरील एका व्हेनियर गिरणीत, म्हणजे प्लायवूडसाठी लाकडाचे पातळ थर काढणाऱ्या गिरणीत, जाऊन आलो. तेथे ओंडका फिरत्या रुळांमध्ये धरून पात्यावर सोलतात आणि कागदाच्या गुंडाळीसारखा लाकडाचा पातळ पत्रा बाहेर पडत जातो. शेवटी मधला दोन इंचांचा दांडा उरतो आणि तो बॉयलरमध्ये जातो. हे पाहिल्यावर घेराचे महत्त्व डोळ्यांनी कळले: बारीक ओंडक्यात वाया जाणारा दांडा तेवढाच, पण निघणारा पत्रा फारच थोडा. हरियाणातील यमुनानगरच्या बाजारात पॉप्लरचे ओंडके 24 इंचांहून जास्त घेराचे "ओव्हर", 18 ते 24 इंचांचे "अंडर" आणि त्याखालचे "सोक्ता" असे वेगळे करून वेगळ्या भावाने जातात, त्यामागचे कारण हेच आहे. व्यवस्थापकाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या: फांदीची गाठ पडली की पत्र्याला भोक पडते, म्हणून खालच्या पंधरा-वीस फुटांतील फांद्या कोवळ्या असतानाच छाटाव्यात, आणि तोडल्यावर ओंडके उन्हात पडून राहिले तर टोकांना चिरा जातात, म्हणून चार दिवसांत माल पोहोचला पाहिजे.

परत येऊन वाढीचा हिशेब असा मांडला. पाव घेराच्या रीतीने, म्हणजे घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करून लांबीने गुणले असता, 45 सेंटिमीटर घेराचा सहा मीटर ओंडका 0.076 घनमीटर भरतो आणि 60 सेंटिमीटरचा 0.135 घनमीटर. घेर एक तृतीयांशाने वाढला की लाकूड 78 टक्क्यांनी वाढते आणि त्यावर प्रत सुधारल्याचा भाव वेगळा. (या रीतीत खऱ्या घनफळाच्या साधारण 78.5 टक्केच लाकूड मोजले जाते. विकणाऱ्याने हे माहीत असल्याशिवाय सौद्यास बसू नये.)

वाहतुकीने मात्र फेब्रुवारी 2023 चा हिशेब मोडला. सोळा टनांच्या गाडीचे भाडे 20,000 सांगितले, म्हणजे टनाला 1,250, आणि तोडणी व भरणी 750 धरली तर शेतापासून गिरणीच्या फाटकापर्यंत टनामागे 2,000 रुपये जातात. फाटकावरचा त्या दिवशीचा तोंडी भाव जाड मालाला 6,500 होता, म्हणून शेतावर 4,500 उरतात. एकरी 48.4 टनांचे 2,17,800 होतात आणि मुरमाडाच्या 2,34,400 खर्चापेक्षा आम्ही 16,600 रुपयांनी खाली राहतो. तूट भरून काढण्यास झाडामागे 200 ऐवजी सुमारे 215 किलो लागतील, किंवा शेजारच्या लागवडवाल्यांसोबत पूर्ण गाड्या भरून भाडे उतरवावे लागेल. दोन्हींवर काम सुरू केले आहे. आसपासच्या तीन गावांतील सात शेतकऱ्यांची यादी तयार झाली.

28 सप्टेंबर 2025

यंदा मेपासूनच जमीन ओली होती. गेल्या आठवड्यात जो पाऊस झाला तसा थोरल्या काकांनीही पाहिलेला नाही. धाराशिव, बीड, लातूर, सगळीकडे ओढे-नद्या पात्र सोडून शेतात आल्या. लोकांची जनावरे वाहिली, उभे सोयाबीन कुजले, माती खरवडून गेली. शेजारच्या एका घराच्या तीन एकरांत आज माती नाही, फक्त गोटे आहेत. अशा वेळी आपल्या झाडांची नोंद करणे क्षुल्लक वाटते, तरी पुढे कोणाच्या उपयोगी पडावी म्हणून करतो.

मुरमाडातील झाडांना काही झाले नाही. पाणी आले, मुरले आणि गेले. 12 झाडे वाऱ्याने कलली, ती दोरीने सरळ केली. ओढ्याकाठचा बांबू चार दिवस पाण्यात होता, काही बेटांखालची माती धुपली, पण बेटे उभी आहेत आणि बांबूमागचा काठ तुटलेला नाही; उलट त्याच ओढ्याचा समोरचा उघडा काठ दहा-बारा फूट आत सरकला आहे. खालच्या पट्ट्यात मात्र आज नववा दिवस, पाणी अजून साचलेले आहे. झाडे पिवळी पडून पाने गाळत आहेत आणि बरीचशी मऊ चिखलात मुळांसकट आडवी झाली आहेत. एक उपटून पाहिले: मुळे काळी पडली होती, साल बोटाने निघत होती आणि तिला सडका वास येत होता. जानेवारी 2023 च्या खड्ड्यात सकाळपर्यंत राहिलेले घोटाभर पाणी हेच सांगत होते. सालगड्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "रान कुठं जातंय दादा, पुढच्या साली बघू."

19 डिसेंबर 2025 (वेळ अमावस्या)

चारही घरे पुन्हा कोपीजवळ जमली. खालच्या पट्ट्यातील 147 पैकी 118 झाडे गेली. उरलेली काढून तो पट्टा बांबूला जोडायचा ठरला. तेथील नुकसान मी माझ्या वाट्यावर घ्यावे असे मी सुचवले, काकांनी ते मानले नाही.

मुरमाडात 861 झाडे आहेत आणि सरासरी घेर 35 सेंटिमीटर आहे. पहिली विरळणी मार्चमध्ये करू: वाकडी, दबलेली आणि शेंडा मोडलेली अशी 150 झाडे निवडून आज त्यांना गेरूचा पट्टा मारला. हा माल गिरणीला न पाठवता तालुक्यातच स्लॅबच्या सेंट्रिंगसाठी बल्ल्या म्हणून जाईल, कारण बारीक लाकूड दोनशे किलोमीटर नेणे परवडत नाही.

तोडीचे वर्ष आधी ठरवून ठेवण्याची कल्पना सोडून दिली. दर डिसेंबरात घेर मोजायचा आणि त्या दिवशीच्या भावाने उभ्या झाडांची किंमत काढायची. पुढच्या वर्षात ती किंमत 10 टक्के व्याज, जमिनीचा ठोका आणि देखभाल यांच्या बेरजेहून अधिक वाढणार असेल तर झाड उभे ठेवायचे, नसेल तर तोडायचे. सध्या झाडे बारीक आहेत आणि दरवर्षी प्रत बदलत आहेत, त्यामुळे निदान चार वर्षे थांबणे उघड फायद्याचे दिसते. सात शेतकऱ्यांपैकी पाच जण एकत्र तोडीला तयार आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या झाडांचा घेर याच पद्धतीने मोजून आणायचा आहे, म्हणून 1.37 मीटरच्या आणखी पाच काठ्या सुताराकडे करायला टाकल्या.

उद्या सकाळी खालच्या पट्ट्यातील ठिबकच्या नळ्या गुंडाळून वर आणायच्या आहेत.